पवन-सौर विजेचे प्रमाणित करार: सगळ्यांनी बसून लिहिले, तरी विकणार कोण?

कोरा_कागद | सोमवार, सकाळी १०:१२

वीजखरेदीचे करार वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मागच्या महिन्यात एक मसुदा आला, एकशे चाळीस पानी. त्याच विकासकाचा आधीचा करार मी तपासलेला होता, म्हटलं दोन दिवसांत हातावेगळा होईल. तीन आठवडे गेले. ‘उपलब्धता’ या एका शब्दाची व्याख्या बदलली होती, तीही मागच्या कुठल्याशा परिशिष्टात, आणि तिच्यामुळे नुकसानभरपाईचं सूत्रच फिरलं होतं. पवनचक्की धडधाकट आहे, वाराही आहे, पण ग्रिडने वीज घ्यायला नकार दिला. मग ती चक्की ‘उपलब्ध’ होती की नव्हती? जुन्या करारात होती. नव्यात नव्हती.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की हे सगळं दर वेळी नव्याने का लिहायचं?

व्याजदर आणि परकीय चलनाच्या सौद्यांत हा प्रश्न केव्हाच सुटला. इस्डा ही संघटना १९८५ मध्ये निघाली, १९८७ मध्ये तिचा पहिला मास्टर करार (सगळ्या सौद्यांना लागू होणारा साचा) आला, आणि तेव्हापासून बँका फक्त परिशिष्टावर भांडतात. युरोपातल्या वीज-गॅस व्यापाऱ्यांची एफेट १९९९ ची. तिचा सर्वसाधारण करार तिकडे सर्रास वापरतात, २०१९ मध्ये त्यांनी पीपीएचाही (दीर्घ मुदतीच्या वीजखरेदी कराराचाही) नमुना काढला. म्हणजे कायद्याचा भाग सुटण्यासारखा आहे. दिवाळखोरीत काय होईल, थकबाकीवर व्याज किती, तंटा कुठे चालेल, हे एकदा लिहिलं की झालं.

गाडी अडते ती पुढे, विकायचं नक्की काय हे ठरवताना. आजवर बाजारात मुख्य माल दोनच. बेसलोड, म्हणजे चोवीस तास सपाट वीज. आणि पीक, म्हणजे युरोपात सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते रात्री ८. कोळशाची आणि अणुवीज सपाट चालते, कारखाने-कचेऱ्या दिवसा चालतात, त्यावरून ही मापं पडली. आता त्याच ८ ते ८ मध्ये सगळं ऊन येऊन बसलंय. जर्मनीत उन्हाळ्यातल्या महिन्यांत पीक हा बेसलोडपेक्षा स्वस्त निघू लागलाय! खरी महाग वीज सूर्य मावळल्यावरची, आणि तिच्यासाठी माप नाही.

न्यूझीलंडमध्ये यावर एक प्रयोग झाला. तिथल्या बाजार-विकास सल्लागार गटाने डिसेंबर २०२३ मध्ये ३१ शिफारशींचा अहवाल दिला. जवळपास सगळी वीज नवीकरणीय झाली तर बाजारात भाव कसा ठरेल, हा त्याचा विषय. त्यानंतर वीज प्राधिकरणाने उद्योगातल्याच लोकांचा गट बसवून ‘सुपर-पीक’ नावाचा प्रमाणित हेज करार (भावाच्या चढउतारापासून बचाव करणारा) तयार करून घेतला. सकाळची गर्दी आणि संध्याकाळची गर्दी, एवढेच तास. जानेवारी २०२५ पासून त्याचे सौदे सुरू झाले.

मला हे फार आवडलं. पण आमच्याकडचा एक जुना माणूस म्हणाला, “माप केलंस, ठीक. दूध कुठंय?” त्याला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही, म्हणून हा धागा.

---

भाबडा_प्रश्न | सोमवार, ११:०५

वाचतोय. अगदीच बाळबोध शंका: वायरीतून आलेली वीज कोणाची हे कळतच नाही. मग करार कशाचा करतात?

---

कोरा_कागद | सोमवार, ११:३१

बाळबोध अजिबात नाही. बहुतेक हेज करारांत वीज हललेलीच नसते, फक्त पैसे हलतात. विकणारा आणि घेणारा दोघंही बाजारात त्या त्या अर्ध्या तासाच्या भावाने आपापला व्यवहार करतात. आपसात ठरलेलं असतं की भाव ५०. बाजार ८० ला गेला तर विकणारा ३० परत देतो, २० ला आला तर घेणारा ३० भरतो. दोघांनाही शेवटी ५० च पडतात. ब्रिटनमध्ये अपतटीय पवनचक्क्या याच पद्धतीच्या करारावर उभ्या राहिल्या.

---

सौदामिनी | सोमवार, दुपारी १:४८

“दोघांनाही शेवटी ५० च पडतात” हे वाक्य पवन-सौरच्या बाबतीत खोटं आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. आकडे मांडते.

एक कारखाना, सतत १० मेगावॉट लागणारा. दिवसाचे २४० मेगावॉट-तास. त्याने ४० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाची सगळी वीज ५० ने बांधून घेतली, जेवढी होईल तेवढी. २५ टक्के क्षमतेने तीही दिवसाला २४०. वार्षिक अहवालात झळकलं, ‘शंभर टक्के सौर’. आता ऊन दहा तास धरा. त्या दहा तासांत कारखाना १०० वापरतो, १४० जास्तीचे होतात. उरलेल्या चौदा तासांत १४० कमी पडतात. दुपारचा बाजारभाव २०, अंधारातला १००. चलन कोणतंही धरा.

कराराचे १२,००० गेले. जास्तीची १४० वीज २० ने विकून २,८०० आले. रात्रीच्या १४० ला १४,००० मोजले. एकूण २३,२००, म्हणजे मेगावॉट-तासाला जवळजवळ ९७.

करारच केला नसता तर? दिवसा १०० मेगावॉट-तास २० ने, रात्री १४० मेगावॉट-तास १०० ने, बेरीज १६,०००. म्हणजे ६७.

जोखीम कमी करायला गेला आणि विकत घेऊन आला. आणि असा करार कितीही सुबक, कितीही प्रमाणित केलात तरी हा हिशेब बदलत नाही.

---

अर्धवट_अभियंता | सोमवार, दुपारी २:२०

ताई, हिशेब बरोबर, पण एका दिवसाचा आहे. करार सही झाला त्या वर्षी दुपारचा भाव ६० असेल, मग तोच कारखानदार शहाणा ठरला असता. दुपार २० वर आली ती सगळ्यांनीच पॅनेल लावल्यामुळे.

---

सौदामिनी | सोमवार, दुपारी २:३३

तेच तर म्हणतेय! एकाने लावलं की फायदा, सगळ्यांनी लावलं की सगळ्यांचाच माल एकाच वेळी बाजारात. भाजीवाल्याला विचारा. ही जोखीम करार लिहिताना दिसत नाही, पण ती कुणाच्या तरी अंगावर पडणारच. ‘होईल तेवढी घेऊ’ करारात ती घेणाऱ्यावर, ‘ठरलेली देऊ’ करारात विकणाऱ्यावर.

---

अर्धवट_अभियंता | सोमवार, दुपारी ४:१०

‘ठरलेली देऊ’ वरून टेक्सास आठवलं. फेब्रुवारी २०२१ चं हिमवादळ. तिथल्या बऱ्याच पवन प्रकल्पांनी वित्तसंस्थांशी ठराविक तासांना ठराविक वीज देण्याचे हेज केले होते, कारण त्याशिवाय प्रकल्पाला पैसा उभा राहत नव्हता. पाती गोठली, वीज होईना, करार मात्र चालूच. न झालेली वीज बाजारभावाने विकत घेऊन द्यायची, आणि बाजारभाव मेगावॉट-तासाला ९,००० डॉलर. तोही जवळपास चार दिवस तिथेच चिकटलेला. वर्षानुवर्षांची कमाई एका आठवड्यात गेली, मग कोर्टकचेऱ्या झाल्या. ‘गोठणं ही दैवी आपत्ती की चक्कीला हिवाळी साज न घातल्याचा निष्काळजीपणा’ यावर पानंच्या पानं लिहिली गेली असणार.

गंमत अशी की ते करार गॅसवर चालणाऱ्या केंद्रासाठी ठीक होते. वाऱ्याच्या अंगावर गॅसचा सदरा चढवला.

---

झुळूक | सोमवार, रात्री ९:१५

सदरा मस्त.

उलटी बाजूही सांगते. वाऱ्याच्या मापाचा सदरा शिवूनही पाहिलाय लोकांनी. जर्मनीत ईईएक्स या वीज बाजाराने २०१६ मध्ये पवन-वीज निर्देशांकावर फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) काढले. वारा कमी पडला तर पैसे मिळणार, जास्त वाहिला तर द्यायचे. पवनवाल्यांना नेमकं हेच हवं होतं. चालले का? व्यवहार नावापुरतेच राहिले.

कारण साधं आहे. वारा पडल्यावर नुकसान होणारे शेकड्याने आहेत. वारा पडल्यावर फायदा होणारे, म्हणजे समोरच्या बाजूला नैसर्गिकपणे उभे राहतील असे, मूठभर गॅसवाले. आणि ते म्हणतात, आमचा फायदा आम्ही स्पॉट बाजारातच, त्या त्या वेळच्या भावाने घेतो की, तुम्हाला आधी कशाला विकू?

तेव्हा ‘दूध कुठंय’ म्हणणाऱ्या त्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

---

चिंधीचोर | सोमवार, रात्री ९:४०

धागा अभ्यासपूर्ण. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

वकीलीण | मंगळवार, सकाळी ८:५०

‘सगळ्यांनी मिळून’ या शब्दांवर कुणीच थांबलं नाही, म्हणून मी थांबते.

प्रतिस्पर्धी कंपन्या एका खोलीत बसून वस्तू कशी विकायची हे ठरवतायत. स्पर्धा कायद्याच्या नजरेने हे चित्र कसं दिसतं? मी अशा एका गटात वकील म्हणून बसले होते (देश आणि संस्था सोडून द्या). आत जाण्याआधी प्रत्येकाने सही केलेला नियमांचा कागद. भाव बोलायचा नाही, ‘आम्ही साधारण इतका प्रीमियम लावतो’ असंही नाही, आपले ग्राहक कोण ते नाही. विषयपत्रिका आधी वाटलेली, तिच्याबाहेर कुणी गेलं की मी टेबलावर पेन वाजवायचं. दिवसातून सात-आठ वेळा वाजवलं असेल. शेवटी एक गृहस्थ वैतागून म्हणाले, “भाव न बोलता मापं ठरवायची म्हणजे डोळे बांधून बूट शिवणं आहे.” खरंय त्यांचं. पण डोळे उघडले तर कार्टेल, म्हणजे संगनमताने भाव ठरवणं.

दुसरं. तुम्ही नमुना कितीही छान करा, कर्ज देणारी बँक तो आपल्या वकिलाकडे पाठवते आणि तो वकील तासावर पैसे घेतो. नमुन्यातल्या ‘बदल करू नये’ भागालाही ‘विशेष अटी’ नावाची शेपटी लागते, आणि शेवटी शेपटीच कुत्र्यापेक्षा लांब होते. म्हणून अशा गटात बँका आणि विमावाले पहिल्या दिवसापासून हवेत. विकासक आणि खरेदीदार दोघांनीच बसून केलेला नमुना मी तरी जसाच्या तसा सही झालेला पाहिला नाही.

ब्रिटनच्या कराराचं उदाहरण वर आलंय. तो जसाच्या तसा सही होतो कारण समोर एकच सरकारी मालकीची कंपनी, आणि अटी आधीच छापलेल्या. घ्यायचं तर घ्या. तिथेही अटी स्थिर नाहीत. हे करार ज्या लिलावात देतात त्याच्या चौथ्या फेरीपासूनच्या करारांत बाजारभाव शून्याखाली गेला की भरपाई मिळत नाही. ही एकच ओळ, पण प्रकल्पाचं गणित बदलणारी.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ११:२७

मी दुसऱ्या टोकाकडून बोलतो. छोट्या वीजविक्रेत्याकडे नोकरी केलीय. स्वतःचं एकही केंद्र नाही, घाऊक बाजारातून वीज घ्यायची आणि घरांना ठराविक दराने विकायची.

आमचं रडगाणं सुपर-पीकचंच होतं. बेसलोड एक्स्चेंजवर मिळायचा. पण गिऱ्हाईक घरी येऊन दिवे, शेगडी, हीटर लावतं संध्याकाळी. तेवढ्या चार तासांसाठी मोठ्या उत्पादकांकडे भाव मागायचो, तर तीन दिवसांनी उत्तर यायचं आणि ते दोन तास वैध असायचं. प्रत्येकाचे तास वेगळे, लांबी वेगळी, तारणाची अट वेगळी. हा महाग की तो, हे ताडून बघायची सोयच नाही. आणि तोच उत्पादक शेजारच्या गल्लीत आमच्याच गिऱ्हाइकाला स्वतः वीज विकतोय!

तेव्हा प्रमाणित मापाचा पहिला उपयोग मला ‘सौदे वाढतील’ हा वाटत नाही. भाव दिसतो, हा आहे. एकदा सगळ्यांचा माल एकाच तासांचा झाला की कोण अव्वाच्या सव्वा लावतंय ते नियामकालाही दिसतं. न्यूझीलंडमध्ये चार मोठ्या कंपन्या निर्मितीही करतात आणि किरकोळ विक्रीही, तिथल्या स्वतंत्र विक्रेत्यांची तक्रार हुबेहूब हीच होती.

तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये तलाव आटले, गॅस कमी पडला, स्पॉट भाव मेगावॉट-तासाला ८०० न्यूझीलंड डॉलरच्या वर गेला. रुआपेहू भागातल्या विन्स्टोन पल्प कंपनीने विजेच्या खर्चाचं कारण देऊन दोन गिरण्या बंद केल्या, दोनशेवर माणसं घरी गेली. त्या ऑगस्टमध्येच प्राधिकरण आणि वाणिज्य आयोगाचं संयुक्त कृतीदल नेमलं गेलं. सुपर-पीक कराराला जो वेग आला तो यामुळे. एरवी समित्या काय, चहा पीतच असतात.

---

झुळूक | मंगळवार, दुपारी १२:०२

पण रात्रपाळीकाका, त्या गटात त्याच मोठ्या कंपन्यांची माणसं बसणार ना? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १२:१९

बसणारच. लवचीक वीज, म्हणजे हवी तेव्हा सोडता येणारं धरणाचं पाणी, त्यांच्याच ताब्यात. त्यांना वगळून केलेला करार विकेल कोण? फक्त किल्लीची दुसरी जोडी नियामकाकडे हवी. सुरुवातीला सुपर-पीकचे सौदे ऐच्छिक ठेवले होते, पण लक्ष ठेवून. ‘आपणहून केलंत तर उत्तम, नाहीतर सक्ती करू’ ही भाषा मोठ्यांना नीट कळते. बेसलोडच्या फ्युचर्सवर तर त्या चौघांवर रोज खरेदी आणि विक्री दोन्हीचे भाव लावायचं बंधन आहेच.

---

कोरा_कागद | मंगळवार, संध्याकाळी ६:४४

इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. रात्रपाळीकाकांचा ‘भाव दिसतो’ हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मी आपला वकिलांची फी वाचवत बसलो होतो.

ऑस्ट्रेलियातलं एक जोडतो. तिथे टिम नेल्सन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने घाऊक बाजाराचा आढावा घेतला, २०२५ च्या अखेरीस अंतिम अहवाल आला. त्यांनी बोट ठेवलंय ते मुदतीच्या दरीवर. बाजारात हेज मिळतात साधारण तीनेक वर्षांपर्यंतचे, प्रकल्पाला कर्ज फेडायला लागतात पंधरा-वीस वर्षं. ही फट कुणी बुजवायची? त्यांचं म्हणणं असं की सरकारने नेमलेल्या संस्थेने प्रकल्पांशी नंतरच्या वर्षांचे करार करावेत, आणि ती वर्षं जवळ आली की ते बाजारात परत विकून टाकावेत. आता परत विकायचे तर माल एकसारखा हवा. म्हणून तीन प्रकारचे प्रमाणित करार: ठोक वीज, तिला गरजेच्या तासांप्रमाणे आकार देणारे, आणि टंचाईत आधार देणारे. ते लिहायचे मात्र उद्योगाला बरोबर घेऊन.

दुधाच्या प्रश्नाला मला सापडलेलं सगळ्यात जवळचं उत्तर हे. आधी कुणीतरी मोठ्या पातेल्यात दूध घेऊन ठेवायचं, मग मापाने वाटायचं. पातेलं नासलं तर भुर्दंड जनतेला, हेही आलंच.

---

अर्धवट_अभियंता | मंगळवार, रात्री १०:०८

आधार देणाऱ्या करारांबद्दल सावध. ऑस्ट्रेलियात जुना प्रमाणित माल आहे ‘कॅप’. स्पॉट ३०० डॉलरच्या वर गेला की वरचा सगळा फरक विकणारा देतो, बदल्यात त्याला ठराविक प्रीमियम. गॅस टर्बाइनवाल्याला हे सोयीचं. भाव चढला की टर्बाइन सुरू करायचं, गॅस आहे तोवर चालवायचं. २०२५-२६ साठी तिथे स्पॉटची कमाल मर्यादा २०,३०० डॉलर आहे, म्हणजे चूक केली तर किती लागतं बघा.

आता तोच कॅप बॅटरीवाल्याने विकला. बॅटरी दोन तासांची. भाव सहा तास चढलेला राहिला. पहिल्या दोन तासांत बॅटरी रिकामी, पुढचे चार तास खिशातून. त्यात तिथे हिशेब पाच-पाच मिनिटांचा (ऑक्टोबर २०२१ पासून, आधी अर्ध्या तासाचा होता). बॅटरी क्षणात धावते, टर्बाइनला तापायला वेळ लागतो, त्यामुळे पाच मिनिटांच्या उसळीत बॅटरी जिंकते आणि लांबलेल्या रात्री टर्बाइन. एकाच नावाच्या कराराखाली दोन वेगळ्या प्रकृतीची यंत्रं. गट बसवणाऱ्यांनी आधी यंत्रं बघावीत, शब्द नंतर.

---

वकीलीण | बुधवार, सकाळी ९:३३

तारणाबद्दल रात्रपाळी यांनी एका शब्दात उरकलं, पण लहान खरेदीदार तिथेच गळतो. एक्स्चेंजवर प्रमाणित करार घेतला की रोजच्या रोज मार्जिन, म्हणजे भावाप्रमाणे भरायची अनामत. भाव खाली गेले की तुमचा करार तोट्यात दिसतो, आज दुपारपर्यंत पैसे भरा. पुढच्या हिवाळ्यात वीज स्वस्तात मिळणार आहे हे खरं, पण पगार या महिन्याचे द्यायचेत. खाजगी कराराचा जाच वेगळा, बँक हमी मागतात. हमीच्या अटींचा प्रमाणित नमुना कुणी केलाय का? असेल तर मला त्यात तासांच्या मापापेक्षा जास्त रस आहे.

---

भाबडा_प्रश्न | बुधवार, सकाळी ११:५०

सगळं वाचलं, निम्मं कळलं. अजून एक बाळबोध शंका. सुपर-पीकचे तास करारात घड्याळाने लिहिलेत ना? ज्या देशांत वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करतात तिथे काय? सूर्य तर घड्याळ बदलत नाही.

---

कोरा_कागद | बुधवार, दुपारी १२:१५

वर्षातला एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा, म्हणून बेसलोडच्या करारांत त्या दिवसांचं प्रमाण वेगळं लिहावं लागतं. सुपर-पीक सकाळ-संध्याकाळचा असल्याने तेवढ्यापुरता वाचतो. पण तुम्ही म्हणता ते त्याहून खोल आहे. घड्याळ एक तास पुढे गेलं की सूर्यास्त घड्याळात एक तास उशिरा, आणि संध्याकाळच्या मापाच्या सुरुवातीला अजून लख्ख ऊन.

थांबा. तो एकशे चाळीस पानी मसुदा पुन्हा उघडतो.

---

कोरा_कागद | बुधवार, दुपारी ३:०२

“संध्याकाळचे तास” असं लिहिलंय. नऊ वेळा. व्याख्या कुठेही नाही.

---

चिंधीचोर | बुधवार, दुपारी ३:०४

भाबड्याला फी द्या.